कौसामायची हजेरी

कौसामायच्या डाव्या अंगठ्याचा ठसा मी आजही शंभर ठशांमधून ओळखेन. मधोमध आडवी पांढरी रेघ. खडी फोडताना डाव्या हातात दगड धरायचा आणि उजव्या हाताने हातोडी मारायची. एकदा हातोडी चुकली आणि अंगठा चेमटला. नख वाकडं उगवलं आणि ठशात ती भेग कायमची राहिली. बाकीच्यांचे अंगठे कागदावर नुसते निळे डाग वाटत, तिचा मात्र सहीसारखा दिसे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. फटाके वाजले होते, पेढे वाटून झाले होते, आणि जो तो एकच गोष्ट बोलत होता. आता कलेक्टर येणार, कचेऱ्या येणार, रस्ते रुंद होणार. वाढत्या शहराचा आराखडा करायला एक ऑफिस उभं केलं होतं आणि मी कंधारहून येऊन त्यात ट्रेसर म्हणून लागलो होतो. ट्रेसर म्हणजे दुसऱ्याने काढलेला नकाशा पातळ कागदावर गिरवणारा माणूस. स्वतःचं डोकं वापरायला त्याला मनाई नसते, पण कुणी वापरायलाही सांगत नाही. माझं अक्षर मात्र देखणं होतं. नकाशावरची नावं, टिपणं, ठराव, सगळं साहेब माझ्याकडून लिहून घ्यायचे. त्या वयात मला त्याचा कोण ताठा!

गावाबाहेर जुन्या खाणीच्या कडेला खडी वस्ती होती. साठ-पासष्ट घरं, बहुतेक बौद्धांची. मोठ्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आलेली माणसं पाऊस पडल्यावरही परत गेली नाहीत, त्यांची ही वस्ती. का गेली नाहीत, असा शहाणा प्रश्न मी कौसामायला एकदा विचारला होता.

"गावात दोन हिरी व्हत्या," ती म्हणाली. "आमची आटली. दुसरीवर आमाला चढू देईनात. मंग कोनत्या गावाला परत जायाचं, बाबा?"

तिथं मोजणीला गेलो त्या पहिल्याच सकाळी मला वाटलं, वस्तीत भांडण लागलंय. हापशाच्या ओट्यावर एक उंच, वाळकी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती आणि खणखणीत आवाजात एकेक नाव पुकारत होती. "धुरपदा!" आतून आवाज यायचा, "हाव!" "संभाची माय!" "हाव!" "मारुती म्हातारा!" इकडे थोडा वेळ शांतता, मग खोकत खोकत, "हाव, हाव, हाय अजून." एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी वस्ती ती तोंडपाठ म्हणायची. जिथून उत्तर यायचं नाही त्या दारात जाऊन उभी राहायची. कुणाला ताप असेल, कुणाच्या घरी रात्री चूल पेटली नसेल, ते तिला असं कळायचं. पोरं तिला मुकादम म्हणून चिडवत. एखादा टारगट आतूनच ओरडायचा, "मुकादम, म्या मेलो!"

"मेलास तर वरडून कामून राहिलास?" म्हणून ती पुढच्या नावाकडे वळायची.

आमच्या मोजणीवरही तिची नजर होती. मी पट्टीचं टोक धरलं होतं, तर ती मागून म्हणाली, "ढिली धरून राहिलास तू. घर कमी भरंल माजं." आणि खरंच ढिली होती. मग तिने टोक स्वतःच्या हातात घेतलं आणि दिवसभर आमच्याबरोबर फिरली. दुपारी गुळाचा कोरा चहा पाजला. माझ्या कागदावरचे चौकोन पाहून विचारलं, "ह्यातलं माजं कंचं?" मी बोट ठेवलं. चौकोनात फक्त नंबर होता. ती म्हणाली, "नंबर तर जनावरालाबी मारत्यात. नाव लिव."

नावं लिहायची पद्धत नव्हती. पण तिला बरं वाटावं म्हणून मी पेन्सिलीने त्या चौकोनात 'कौसाबाई' लिहिलं. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, 'क'च्या पोटावरून जरा सावकाश. "लई नेमकं हाय तुजं अक्षर," ती म्हणाली. "आता समद्यांचं लिव." मी साठ-पासष्ट नावं लिहिली आणि ती बोट फिरवून एकेक तपासत गेली, जसं काही तिला वाचताच येत होतं. चार दिवसांनी ऑफिसात नकाशा शाईने गिरवताना सगळी नावं खोडरबराने पुसावी लागली. ते मी तिला कधी सांगितलं नाही.

आराखडा तयार झाला आणि नगरपालिकेच्या भिंतीवर लागला. गावातले वकील, डॉक्टर, व्यापारी येत, चष्मा वरखाली करत आणि काहीच न कळून आम्हाला साहेबांचं घर कुठे ते विचारत. कौसामाय दहा-बारा बायका घेऊन आली आणि सरळ रंगांना हात घातला.

"पिवळं काय?"

"राहायची घरं, माय."

"आन् ह्ये निळं?"

"बाजार, दुकानं."

"हिरवं?"

मी जरा घुटमळलो. "बगीचा."

"आमच्यावर कोन्ता रंग मारलाय?"

उत्तर तिला हवंही नव्हतं. खाण तिने कधीच शोधून काढली होती, खाणीच्या कडेला तिचं बोट टेकलं होतं आणि बोटाखाली हिरवं होतं. "दुस्काळातनं आलेल्या मान्साला हिरवं बगून बरं वाटाया पायजे," ती म्हणाली. "पर हिरव्यात मानूस कुटं राहतंय?" मागच्या बायकांना तिने दोन वाक्यांत सगळं समजावलं. शिकल्यासवरल्यांना आठवड्यात जे उमगलं नाही ते तिने पाच मिनिटांत हेरलं होतं. पुढे जे झालं ते ती अडाणी होती म्हणून झालं, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं, ते यामुळेच.

हरकत घ्यायला साठ दिवसांची मुदत होती आणि हरकत लेखी हवी होती. ऑफिस सुटल्यावर मी गुपचूप वस्तीत गेलो आणि तिच्या दारात बसून अर्ज लिहिला. मजकूर तिचाच. "आमी हितं दगडं फोडली. त्या दगडाचा रस्ता झाला. त्या रस्त्यावरनं तुमचा जिल्हा आला. आता आमालाच उटा म्हंता." मी ते सरकारी भाषेत बसवायला गेलो तर तिने हात धरला. "माजंच लिव. तुजं तुज्या सायबाला दे."

अर्जाखाली तिने अंगठा उठवला तेव्हा ती आडवी रेघ मी पहिल्यांदा नीट पाहिली. कशाने झालं, विचारलं. हातोडीचं तिने एका वाक्यात सांगितलं आणि मग, मी न विचारताच, नवऱ्याचं सांगितलं. भिवाजी त्याचं नाव.

"हजेरीपटावर अंगठा उटवला की खायला सुकडी भेटायची, कामावर हाय म्हून धरायचे. त्या दिशी शाईचं पॅड वाळलं व्हतं. कारकून म्हनला, थांबा, पानी आनतो. ह्यो गडी थांबला न्हाई. ऊन चढायच्या आदी दोन घमेली फोडून घेतो म्हनला. दुपारी पडला त्यो उटलाच न्हाई. चवकशीला गेले, तर म्हनले, त्या दिशीच्या पटावर निशाणी न्हाई. म्हंजी त्यो कामावर नव्हताच." तिच्या डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. "माज्या मांडीवर जीव गेला त्याचा. आन् ते म्हंत्यात, नव्हताच. तवापसनं मी एकच धरलंय बाबा. अंगठा न्हाई तर मानूस न्हाई."

ती सकाळची हजेरी कुठून आली ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

सुनावणी एका शाळेच्या हॉलमध्ये होती. 'हरकतदारांनी समक्ष उपस्थित राहावे' असं पत्र आलं होतं. कौसामाय तीन दिवस घरोघर फिरली. कामाचा खाडा झाला तरी चालेल, पण यायचं, आणि हजेरी लावल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही. त्या दिवशी वस्तीला कुलूप लागलं म्हणावं तर कुलपं कुठे होती त्यांच्याकडे! मारुती म्हाताऱ्याला बाजेवर घालून आणलं. बाळंतीण आली, तान्ह्या पोराला पदराखाली घेऊन.

साहेब काही दुष्ट माणूस नव्हते. गोड बोलायचे. "आम्ही तुमचं ऐकायलाच बसलोय," असं म्हणाले आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहत राहिले. कौसामाय उभी राहिली आणि अर्जातली चार वाक्यं तशीच्या तशी बोलली. "नोंद घेतली," साहेब म्हणाले. मग मला खूण केली.

माझ्या हातात हजेरीचे कागद होते. वर चार बोटं जागा कोरी, खाली नावांचा रकाना आणि सही-अंगठ्याचा रकाना. मी पॅड धरून टेबलाशी उभा राहिलो आणि कौसामाय माझ्या शेजारी. एकेकाचा हात धरून ती पुढे ओढत होती. "ठेव. नीट दाबून ठेव, पुसट नगं." पहिला अंगठा तिचा होता. निम्मी रांग झाली आणि पॅड वाळलं. माझ्या आधी तिच्या ते लक्षात आलं. तिने तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन स्वतः पॅडवर शिंपडलं आणि रांगेकडे वळून ओरडली, "कुनी जाऊ नगा! थांबा! समद्यांची लागल्याबगर जायाचं न्हाई!" बाजेवरच्या मारुतीचा अंगठा तिने पॅड जवळ नेऊन घेतला. सगळं आटोपल्यावर कागदांकडे बघून म्हणाली, "आता कोन म्हनंल आमी नव्हतो म्हून?" तिचा चेहरा इतका समाधानी मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तेच कागद माझ्यापुढे ठेवले आणि वरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "लिही." ते सांगत गेले. बगिच्याचे आरक्षण आम्हांस समजावून सांगण्यात आले असून त्यास आमची हरकत नाही. दाखविलेल्या पर्यायी जागेवर जाण्यास आम्ही स्वखुशीने तयार आहोत.

"साहेब," मी म्हणालो, "ते तर हरकत घ्यायला आले होते."

"त्यांना दुसरी जागा देतोच आहोत ना आपण? उघड्यावर टाकतोय का? कागद पुरा नको व्हायला? लिही."

नोकरी कच्ची होती, घरी कंधारला दोन बहिणी लग्नाच्या होत्या, वगैरे वगैरे. प्रत्येकाकडे अशी यादी असते. मी शेपूट घातलं आणि लिहिलं. हात थरथरला असं आता सांगितलं तर बरं दिसेल, पण तो थरथरला नाही. अक्षर नेहमीसारखंच देखणं आलं. चार बोटांत मजकूर नेमका बसला आणि साहेब म्हणाले, "वा!"

वस्ती उठवायची नोटीस निघाली तेव्हा कौसामाय बायका-पुरुष घेऊन ऑफिसात आली. साहेबांनी शांतपणे ते कागद टेबलावर पसरले. "हे तुमचेच अंगठे ना?"

ती वाकली. "व्हय. ह्यो माजा."

"मग झालं तर."

"वर काय लिवलंय?"

एका कारकुनाने वाचून दाखवलं. 'स्वखुशीने' या शब्दाशी तो जरासा अडखळला, पण वाचलं सगळं. कौसामाय तशीच वाकून उभी होती. मग तिने उजवं बोट त्या वरच्या ओळींवरून फिरवलं. 'क'शी आली, त्याच्या पोटावरून सावकाश गेली, मागे येऊन त्याच 'क'वर परत थांबली. आणि मान वर करून तिने खोलीत मला शोधलं. मी कोपऱ्यातल्या टेबलावर, हातात टाक. तिची नजर हलली नाही. मीच खाली पाहिलं.

बोलली ती धुरपदा. माझ्यावर नाही, साहेबांवर नाही, कौसामायवर तुटून पडली. "तूच म्हनलीस अंगटा ठेवा! पानी शिंपडून शिंपडून ठिवाया लावलीस! खाल्लीस आमची घरं!" मग सगळेच बोलू लागले. कौसामाय मध्ये उभी होती आणि तिने एकालाही उलट उत्तर दिलं नाही. त्यांना बाहेर काढायला शिपायाला हात लावावा लागला नाही. ती वळली, तसे तिला बोल लावत सगळे तिच्या मागून गेले.

ज्या सकाळी वस्ती उठली त्या सकाळी मी तिथं होतो. घरांवर खुणा करायला नकाशा घेऊन पाठवलं होतं मला. पत्रे उतरवले जात होते, भांडी गाड्यांवर चढत होती, जायचं होतं ती जागा गावापासून दोन कोसांवर, माळावर, हापसासुद्धा नसलेली. कौसामाय रोजच्या वेळेला ओट्यावर चढली. "धुरपदा!" उत्तर आलं नाही. धुरपदा दहा हातांवर गोधड्या बांधत होती, तिने वरसुद्धा पाहिलं नाही. "संभाची माय!" काही नाही. "मारुती म्हातारा!" म्हातारा खोकला, पण हाव म्हणाला नाही. कौसामायने एकही नाव गाळलं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत, साठ-पासष्ट नावं, प्रत्येक नावानंतर नेहमीएवढीच थांबत, तिने पुकारली. मग ओट्यावरून उतरली आणि आपलं बोचकं डोक्यावर घेऊन माळाच्या नव्हे, स्टँडच्या रस्त्याला लागली. नांदेडला तिची मुलगी दिली होती, असं नंतर कळलं.

बगिच्याचं म्हणाल, तर भिंत झाली, लोखंडी गेट झालं, आत बाभळी माजल्या. पुढच्या एका दुष्काळात तिथं टँकर उभे राहायचे.

बदल्या होत, बढत्या घेत मी नांदेडला आलो. तोवर माझे केस पांढरे झाले होते आणि मला लोक साहेब म्हणू लागले होते. गोदावरीच्या काठच्या एका वस्तीचा पुनर्विकास निघाला. आता पद्धत सुधारली होती. फलकावर 'लोकसहभाग' असं मोठ्या अक्षरात होतं, पडद्यावर रंगीत इमारती दिसत होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या. मी व्यासपीठावर मधल्या खुर्चीत होतो. सभा सुरू होण्याआधी हजेरीचा कागद फिरत होता आणि दुसऱ्या रांगेत जाऊन अडला. आमचा कारकून वर आला. "साहेब, एक म्हातारी अंगठा देत नाही, आणि तिचं बघून बाकीच्या बायकाही देत नाहीत."

मी खाली उतरलो. डावा हात पदरात गुंडाळून, मूठ छातीशी धरून ती बसली होती. पाठीत वाकली होती, डोळ्यांना जाड चष्मा होता. मी ओळखलं. तिने मला ओळखलं की नाही ते कळेना.

"आजी, नुसती हजेरी आहे," कारकून समजावत होता. "तुम्ही आलात एवढंच."

"मी आलेच न्हाई," ती म्हणाली.

"अहो, बसलात की समोर!"

"न्हाई आले. लिव, कौसाबाई हितं नव्हती."

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. कारकून माझ्या कानाशी लागला. "साहेब, कुणीच अंगठा दिला नाही तर 'उपस्थिती निरंक, सबब हरकत नाही' असं टाकतो. काम तेच होतं."

मी त्याच्याकडून कोरा कागद घेतला आणि तिच्यासमोर सतरंजीवर बसलो. म्हणालो, "माय, तुझं म्हणणं सांग. मी लिहितो. तुझंच लिहितो."

तिने चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या पेनाकडे. "लिवा, सायब," ती म्हणाली. मला ती पूर्वी बाबा म्हणायची, अरेतुरे करायची.

आम्हाला इथून उठायचं नाही, एवढंच तिने सांगितलं. मी ते लिहिलं आणि खाली 'कौसाबाई' असं तिचं नाव घातलं. वर जागा सोडली नाही, कागदाच्या अगदी कडेपासून सुरुवात केली. वाचून दाखवायला कागद उचलला तर ती म्हणाली, "तुमी न्हाई. रमा वाचंल." शेजारी चाळिशीची तिची मुलगी होती. तिने मोठ्याने वाचलं. कौसामाय म्हणाली, "आनखी एकदा वाच." तिने पुन्हा वाचलं. सगळ्या बायका ऐकत होत्या. मग म्हातारीने उजवा हात पुढे केला, कागद घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि 'क'शी आल्यावर थांबली.

"अक्षर अजून तसंच हाय तुमचं," ती म्हणाली.

मी पॅड उघडलं. नवीन होतं, चांगलं ओलं. तिच्यापुढे धरलं.

तिने पॅडकडे पाहिलं आणि कागद मला परत दिला. मग रमाच्या खांद्याला धरून उठली. दोघी रांगेतून वाट काढत दाराकडे गेल्या. पाठमोऱ्या कौसामायची डावी मूठ पदरात तशीच घट्ट मिटलेली होती, आणि मी सतरंजीवर पॅड धरून बसलो होतो.